कुत्रा गेल्यावर: काय आधी, काय नंतर

कुत्रा गेला की बहुतेक घरांत एकच गोंधळ होतो. ज्या कामाला मुदत असते ते लांबतं, आणि ज्याला काडीची घाई नसते ते त्याच संध्याकाळी उरकलं जातं. देह कुठे न्यायचा हे ठरलेलं नसतं, पण बिछाना कचऱ्यात गेलेला असतो. मुलाला काय सांगायचं यावर घरात एकमत नसतं, पण कुणीतरी नव्या पिल्लाची चौकशी करून मोकळं झालेलं असतं.

दुःख कमी करायची युक्ती माझ्याकडे नाही. क्रम चुकल्याने त्यात जी भर पडते ती मात्र टाळता येते. सूत्र सोपं आहे: ज्याला मुदत आहे ते आधी, आणि जे परत फिरवता येत नाही ते सगळ्यात शेवटी.

## तयारी (कुत्रा म्हातारा किंवा आजारी असेल तर)

अचानक गेला असेल तर हा भाग सोडून थेट पहिल्या टप्प्यावर जा.

एक वही घ्या आणि रोज रात्री दोन ओळी लिहा: आज किती खाल्लं, पाणी प्यायला का, स्वतःहून उठला का, शेपूट हलवली का. अमेरिकन पशुवैद्य ॲलिस व्हिलालोबोस यांनी २००४ साली यासाठी एक मोजपट्टी मांडली. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि 'वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का' या सात बाबींना प्रत्येकी ० ते १० गुण द्यायचे. बेरीज ३५ च्या वर असेल तर निभावतंय असं धरायचं. निर्णय हा आकडा घेत नाही, डॉक्टरांशी बोलूनच तो घ्यायचा असतो. पण ही वही पुढे चौथ्या टप्प्यात लागणार आहे, म्हणून आळस करू नका.

तीन गोष्टी आधीच ठरवा. देह पुरायचा की दहन करायचं, आणि तुमच्या भागात त्याची परवानगी कुठून मिळते. रात्री-अपरात्री फोन उचलणारा डॉक्टर कोण. आणि इंजेक्शन देऊन झोपवायची वेळ आलीच, तर त्या खोलीत कोण थांबणार.

त्या इंजेक्शनची प्रक्रिया माहीत असली तर बरं. बहुतेक डॉक्टर आधी गुंगीचं औषध देतात, मग शिरेतून भुलीच्या औषधाचा मोठा डोस. काही मिनिटांत श्वास आणि हृदय थांबतं. डोळे उघडेच राहतात. नंतरही एखादा खोल आचका येऊ शकतो, एखादा स्नायू थरथरतो, लघवी होते. हे आधी कुणी सांगितलेलं नसेल तर माणूस हादरतो आणि 'तो जिवंत होता' हा किडा कायमचा डोक्यात बसतो. जो खोलीत थांबणार आहे त्याला हे आधीच सांगून ठेवा.

## १. पहिले काही तास

खात्री करा. छाती हलत नाही ना, हे काही मिनिटं नीट बघा. पुढच्या डाव्या पायाच्या कोपरामागे छातीवर हात ठेवून ठोका लागतो का पाहा. बुबुळाला हलकेच बोट लावल्यावर पापणी मिटत नाही, हीसुद्धा खूण आहे. जराही शंका असली तर डॉक्टरांना स्टेथोस्कोप लावू द्या.

थांबा: पिसाळल्याची शंका असेल, म्हणजे शेवटच्या दिवसांत वागणं अचानक बदललं होतं, लाळ गळत होती, गिळता येत नव्हतं, तर देहाला उघड्या हाताने शिवू नका आणि लगेच डॉक्टरांना कळवा. ज्यांना तो चावला, ओरखडला किंवा ज्यांच्या जखमेला त्याची लाळ लागली, त्यांनी जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवून त्याच दिवशी रेबीजचं इंजेक्शन घ्यायला जायचं. रडायला नंतर वेळ आहे.

देह नीट ठेवा. दोन-तीन तासांत शरीर ताठ व्हायला लागतं, उन्हाळ्यात त्याहून लवकर. म्हणून आधीच पाय दुमडून, तो झोपायचा तसं कुशीवर ठेवा. खाली जुना टॉवेल, त्याखाली प्लास्टिक. हातमोजे घाला. पंजाचा ठसा घ्यायचा असेल तर आत्ताच, आणि केसांची एखादी बट कापायची असेल तर कानामागची किंवा शेपटीची. या दोन गोष्टी नंतर मिळत नाहीत. नको असतील तरी घेऊन ठेवा, फेकता कधीही येतात.

दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावं लागणार असेल तर देह गार जागी ठेवा, कापडात गुंडाळलेले बर्फाचे पॅक भोवती लावा. अनेक दवाखान्यांत शीतपेटी असते, विचारा. मृत्यूचं कारण शोधण्यासाठी शवविच्छेदन करायचं मनात असेल तर देह गोठवू नका. गोठल्यावर ऊती खराब होतात आणि तपासणीतून फारसं काही हाती लागत नाही.

पुरणार असाल तर खड्डा किमान ३ फूट खोल हवा, विहीर आणि ओढ्यापासून लांब, आणि गुंडाळायला सुती कापड, प्लास्टिक नाही. इंजेक्शन देऊन गेलेल्या कुत्र्याच्या बाबतीत खोली जास्तच सांभाळा. ते औषध देहात राहतं आणि उकरून खाणारा दुसरा प्राणी त्याने मरू शकतो.

तपासा: घरात दुसरा कुत्रा असेल आणि आजार संसर्गाचा नसेल, तर नेण्याआधी त्याला देह हुंगू द्या. ओढून नेऊ नका. आला तर आला.

## २. त्याच दिवशी: कुणाला, कोणत्या शब्दांत

घरातल्या प्रत्येकाला त्याच दिवशी कळलं पाहिजे. परीक्षा आहे म्हणून मुलापासून आठवडाभर लपवणं, तो परगावी आहे म्हणून 'आल्यावर सांगू' म्हणणं, यातून हमखास कटुता येते. मुलाला कुत्रा गेल्याचं जितकं लागतं, तितकंच घर आठवडाभर खोटं बोललं हे लागतं.

शब्द जपून वापरा. साधारण पाच वर्षांखालच्या मुलाला मरण म्हणजे परत न येणं हे समजत नाही. 'तो झोपलाय' म्हटलं की ते रात्री स्वतः झोपायला घाबरतं. 'लांब गेलाय' म्हटलं की दारात वाट बघत बसतं. 'आजारी होता म्हणून गेला' एवढंच सांगितलं तर पुढच्या सर्दीला त्याला वाटतं आता आपली पाळी. असं सांगा (बंड्या हा माझा कुत्रा):

"बंड्या मेला. त्याचं शरीर खूप खराब झालं होतं, डॉक्टरांनाही बरं करता आलं नाही. आता तो श्वास घेत नाही, त्याला दुखत नाही, आणि तो परत येणार नाही. तू काहीही केल्यामुळे हे झालेलं नाही."

शेवटचं वाक्य गाळू नका. काल आपण त्याला ओरडलो म्हणून तो मेला, असा हिशोब मुलं मनातल्या मनात मांडतात आणि कुणाला सांगत नाहीत. मग मूल तोच प्रश्न दहा वेळा विचारेल, दहाही वेळा तेच उत्तर द्या.

बाहेरच्या लोकांपैकी दोघा-तिघांना सांगा, सगळ्यांना नको. 'कुत्रंच तर होतं' म्हणणारे निघतात आणि पहिल्या दोन दिवसांत ते वाक्य झेपत नाही. ज्या दुःखाला समाज दुःख म्हणून मान देत नाही त्याला केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ साली वेगळं नावच दिलं. म्हणजे हा अनुभव तुमच्या एकट्याचा नाही. कामाच्या ठिकाणी रजा मागताना कारण लपवायचं असेल तर लपवा, पण रजा घ्या.

## ३. पहिला आठवडा: रिकाम्या वेळा

दुःख दिवसभर सारखं नसतं. ते ठरलेल्या वेळी येतं, कारण कुत्रा ठरलेल्या वेळी यायचा. सकाळी सहाला नाक हाताला लावणं, किल्लीचा आवाज झाला की धावणं, जेवताना पायाशी बसणं. घरातलं अर्धं वेळापत्रक त्याने बांधलेलं असतं आणि तो गेला की त्या जागा तशाच उघड्या पडतात. मला पहिल्या आठवड्यात सगळ्यात कठीण गेली ती चपला घालायची वेळ. चप्पल उचलली की मी खाली बघायचो, तो आडवा आलेला असणार म्हणून.

म्हणून कागदावर या वेळा लिहून काढा. खरोखर लिहा, कारण मनात चार वाटतात आणि कागदावर अकरा निघतात. मग प्रत्येकीपुढे तीनपैकी एक शब्द लिहा: 'ठेवायची', 'बदलायची', 'सोडायची'.

सकाळचं फिरणं ठेवा. रस्ता बदललात तरी चालेल, वेळ बदलू नका, कारण शरीराला त्या चालण्याची सवय असते आणि ते बंद झालं की झोपही बिघडते. नेहमीचे कुत्रेवाले भेटतील आणि 'आज एकटेच?' विचारतील. उत्तर तयार ठेवा: "बंड्या गेला. आत्ता बोलवत नाही, नंतर सांगतो." एवढं पुरतं, लोक समजून घेतात.

घरी परत येण्याची वेळ बदला. पहिले काही दिवस कुलूप उघडताना कुणीतरी सोबत असू द्या, किंवा दार उघडायच्या आधीच कुणाला तरी फोन लावून आत शिरा. रिकाम्या घरात पाऊल टाकण्याचा तो अर्धा मिनिट बहुतेकांना सगळ्यात जड जातो.

उरलेला घास खाली ठेवण्यासारख्या वेळा आपोआप सुटतात, त्यांच्यामागे लागू नका.

नखांची टकटक ऐकू येणं, पलंगाच्या पायथ्याशी वजन जाणवणं, पडद्याआड सावली दिसणं, हे होतं. वेड लागत नाहीये. इतकी वर्षं मेंदूने तो आवाज गृहीत धरलेला असतो.

सावधान: दुःखाच्या पायऱ्या मोजत बसू नका. पाच टप्प्यांची (नकार, राग, सौदा, नैराश्य, स्वीकार) प्रसिद्ध यादी मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ साली मांडली ती स्वतःच्या मरणाला सामोऱ्या जाणाऱ्या रुग्णांशी बोलून. तिचा जिना करून 'मी अजून रागावरच अडकलोय' म्हणत स्वतःला नापास करू नका. त्यापेक्षा मानसशास्त्रज्ञ मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शूट यांनी १९९९ मध्ये मांडलेलं चित्र अनुभवाच्या जवळचं वाटतं: माणूस कधी दुःखात असतो, कधी रोजच्या कामात, आणि या दोन्हींत येरझारा घालतो. दुपारी हसलात आणि रात्री रडलात तर दोन्ही खरं.

## ४. अपराधीपणा: वही उघडायची वेळ

साधारण पहिल्या आठवड्याच्या शेवटी घरात शांतता होते आणि हा प्रश्न वर येतो: मी लवकर नेलं असतं तर? किंवा उलटा: मी घाई केली का? हा टप्पा लोक एकतर टाळतात किंवा रात्री तीन वाजता करतात. दिवसा करा, टेबलावर बसून, अर्धा तास.

कागदावर उभी रेघ मारा. डावीकडे 'तेव्हा मला काय माहीत होतं', उजवीकडे 'आत्ता काय माहीत आहे'. मग एक-एक प्रसंग लिहा. माझ्या कागदावरची एक ओळ देतो. डावीकडे: 'मंगळवारी अर्धी पोळी सोडली. गरम होतंय म्हणून असेल.' उजवीकडे: 'किडनी निकामी होत होती.' दोन्ही वाक्यं शेजारी-शेजारी वाचल्यावर दिसतं की उजवीकडचं ज्ञान घेऊन आपण डावीकडच्या माणसाला फटके मारतोय. त्या मंगळवारी ते ज्ञान घरात कुणाकडेच नव्हतं.

कुत्रे दुखणं लपवतात, हा त्यांचा स्वभाव. किडनीचं सुमारे दोन-तृतीयांश काम बंद पडेपर्यंत बाहेरून फारसं काही कळत नाही. प्लीहेची गाठ फुटेपर्यंत कुत्रा चेंडू आणत असू शकतो. 'काल तर धावत होता' हे वाक्य दवाखान्यात रोज ऐकू येतं.

ज्यांनी इंजेक्शनचा निर्णय घेतला त्यांनी तयारीच्या वेळची वही काढावी. शेवटचे दहा दिवस सलग वाचावेत. स्मरणशक्ती चांगला दिवस पुढे करते आणि बाकीचे झाकते. वही तसं करत नाही.

आणि जिथे खरंच चूक झाली असेल? फाटक उघडं राहिलं, चॉकलेट हाताशी राहिलं, लस चुकली. अशा वेळी 'तुझी काही चूक नाही' म्हणणारे लोक मदत करत नाहीत, कारण आतल्या माणसाला माहीत असतं. मग एक ओळ सरळ लिहा: 'फाटक मी उघडं ठेवलं.' खाली दुसरी: 'आता मी काय बदलणार.' फाटकाला आपोआप लागणारी कडी बसवा, त्याच आठवड्यात. चूक पुसली जात नाही, पण रोज रात्री नव्याने खटला चालवायची गरज कमी होते.

तपासा: कागद झाल्यावर बंद करा. रोज काढू नका. तोच प्रसंग पाचव्यांदा लिहावासा वाटत असेल तर कागद संपला, आता माणूस हवा. सहाव्या टप्प्याचा शेवट वाचा.

## ५. घरात दुसरा कुत्रा असेल तर

इटलीतल्या ४२६ कुत्रेमालकांच्या २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ८६ टक्के मालकांनी मागे राहिलेल्या कुत्र्याचं वागणं बदलल्याचं सांगितलं: खेळणं कमी, खाणं कमी, झोप जास्त, सारखं जवळ येणं. मालकच हे सांगतोय, तेव्हा त्याचं स्वतःचं दुःख त्यात मिसळलेलं असणार. पण दारापाशी जाऊन हुंगणारा कुत्रा मीही पाहिला आहे.

त्याच्या जेवणाच्या आणि फिरायच्या वेळा एका मिनिटानेही हलवू नका. तो कण्हला की प्रत्येक वेळी खाऊ देऊ नका, नाहीतर कण्हण्यालाच बक्षीस मिळतं. पूर्ण दिवस-दीड दिवस काहीच खाल्लं नाही तर दुःख समजून बसू नका, डॉक्टरकडे न्या. दोघांना एकच आजार असण्याची शक्यता असते.

## ६. वस्तू, कागद, औषधं

इथेच सगळ्यात जास्त घाई होते. तीन ढीग करा.

पहिला ढीग लगेच: औषधं. उरलेल्या गोळ्या, इन्सुलिन, सुया दुसऱ्या प्राण्याला देऊ नका, माणसाने तर मुळीच घेऊ नका. दवाखान्यात किंवा औषध दुकानात परत घेतात का विचारा, आणि तोवर कुलपात ठेवा.

दुसरा ढीग पहिल्या पंधरवड्यात: नोंदी. परवाना, मायक्रोचिपची नोंद, विमा, दवाखान्यातली फाइल, खाद्याची दर महिन्याची ऑर्डर. हे काम कुणा मित्राला द्या, तुम्ही करू नका. नाहीतर अकरा महिन्यांनी 'बंड्याच्या लसीची तारीख जवळ आली आहे' असा संदेश येतो आणि दिवस जातो. माझा गेला.

तिसरा ढीग म्हणजे बाकी सगळं: पट्टा, साखळी, भांडं, बिछाना, खेळणी. खोक्यात भरा, चिकटपट्टी लावा, तीन महिन्यांनंतरची तारीख लिहा आणि माळ्यावर टाका. बिछान्याचा वास जपायचा असेल तर एक चादर न धुता हवाबंद पिशवीत ठेवा. फोनमधले फोटो दुसरीकडे साठवा, कारण फोन बिघडतो.

थांबा: घराचं काही रंगवू नका, घासू नका. बंड्या गेल्यावर आठव्या दिवशी मी सुताराला बोलावून दाराच्या खालच्या फळीवरचे त्याच्या नखांचे ओरखडे घासून घेतले, वर पॉलिशचा हात. तासाभराचं काम. दार छान दिसतं. आजही बसून बुटाची लेस बांधताना माझी बोटं त्या फळीवरून फिरतात आणि तिथे काहीच लागत नाही.

मदत कधी घ्यायची: काही आठवडे उलटूनही कामावर जाणं, जेवणं, झोपणं जमत नसेल तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठा. 'कुत्र्यासाठी डॉक्टर?' हा प्रश्न तेही विचारत नाहीत. आपण जगू नये असा विचार आला तर त्याच क्षणी कुणाला तरी सांगा आणि एकटे राहू नका. छातीत दुखणं, दम लागणं हे 'टेन्शन' म्हणून सोडू नका. तीव्र दुःखाच्या धक्क्याने हृदयाचा स्नायू तात्पुरता कमकुवत होतो, हा विकार पहिल्यांदा १९९० साली जपानमध्ये वर्णिला गेला. पाळीव प्राणी गेल्यावर तो झाल्याच्याही नोंदी आहेत. आणि तो हृदयविकाराच्या झटक्यासारखाच दिसतो, त्यामुळे फरक रुग्णालयातच कळतो.

## ७. नवा कुत्रा

किती महिने थांबावं याचं उत्तर नाही. कुणाला सहा आठवडे पुरतात, कुणाला सहा वर्षं. पण काही चुका ठरलेल्या आहेत.

दुसऱ्याला न विचारता पिल्लू भेट देऊ नका. घरातला एकजण जरी 'नको' म्हणत असेल तर थांबा. त्याच जातीचं, त्याच रंगाचं आणि त्याच नावाचं पिल्लू आणू नका, ते बिचारं जन्मभर परीक्षेला बसतं.

आधीचा कुत्रा पार्व्हो या विषाणूच्या संसर्गाने गेला असेल तर ही भावनेची गोष्ट राहत नाही. तो विषाणू सावलीतल्या मातीत वर्षभर टिकू शकतो. फरशी, भांडी आधी साबणाने धुवून मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी या द्रावणाने पुसा, दहा मिनिटं ओलं राहू द्या. माती अशी धुता येत नाही, म्हणून लशी पूर्ण न झालेलं पिल्लू त्या अंगणात आणू नका.

तपासा: आधी पंधरा दिवस कुणाचा कुत्रा सांभाळायला घ्या. त्याने चप्पल चावली आणि तुम्ही म्हणालात, 'बंड्या असं कधी करत नव्हता', तर अजून वेळ आहे. (करत होता. माझ्याकडे तीन डाव्या चपला आहेत.)

आणायचा ठरला की पट्टा, बिछाना, भांडं नवं घ्या. खोक्यावरची तारीख उलटली असेल तर ते उघडा आणि जे कुणाच्या उपयोगी पडेल ते द्या. बंड्याचं भांडं मी दिलं नाही. ते हत्यारांच्या कपाटात आहे आणि त्यात स्क्रू असतात.